सोल्यूशन आर्किटेक्ट नेमका कशाला जबाबदार असतो?

मळवाट (मूळ धागा)

आमच्या गटातील एक ज्येष्ठ डेव्हलपर गेल्या महिन्यात सोल्यूशन आर्किटेक्ट झाली. पेढे वाटून झाल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारले, "आता सोमवारी येऊन मी नेमके करायचे काय?" अकरा वर्षे हेच काम करूनही मला या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता आले नाही. 'व्यवसायाच्या गरजांचे तांत्रिक आराखड्यात रूपांतर करणे' वगैरे जे पदाच्या वर्णनात छापलेले असते ते खोटे नसते, परंतु त्यावरून कामाचा अंदाजही येत नाही. म्हणून एका प्रत्यक्ष कामाच्या आधारे सविस्तर लिहीत आहे. या क्षेत्रातील इतरांनी भर घालावी आणि जिथे पटणार नाही तिथे स्पष्ट सांगावे.

काही वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातील एका दूध संघाच्या संकलन प्रणालीचे काम आमच्याकडे आले. सर्व संकलन केंद्रे मध्यवर्ती सर्व्हरला ऑनलाइन जोडलेली असावीत, प्रणालीची उपलब्धता ९९.९ टक्के असावी आणि दुधाचे माप पडताक्षणी उत्पादकाला पावती मिळावी, अशी निविदेत मागणी होती. वाचताना त्यात काहीच अवघड वाटत नव्हते. सुमारे ३०० केंद्रे, प्रत्येक केंद्रावर सकाळच्या पाळीला साधारण १५० उत्पादक, म्हणजे दोन तासांत ४५ हजार पावत्या. सेकंदाला सरासरी सहा-सात नोंदी. एवढा भार मध्यम आकाराचा सर्व्हरही सहज पेलतो. गटाने दोन दिवसांत आराखडा काढला आणि मीही त्याला मान डोलावली.

सही करण्यापूर्वी एकदा केंद्र डोळ्यांनी पाहावे म्हणून पहाटे साडेपाचला एका गावी जाऊन उभा राहिलो. सव्वासहाला वीज गेली. सचिवाने इन्व्हर्टर चालू केला. काटा आणि फॅटचे यंत्र चालू राहिले, मात्र मोबाइलचे नेटवर्क जे गेले ते पुढचा पाऊण तास आलेच नाही. रांग मात्र थांबली नाही. सचिव वहीत लीटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धांशाव्यतिरिक्तचे घन घटक) लिहीत होता, भिंतीवरच्या दरपत्रकावर बोट फिरवून भाव काढत होता आणि चिठ्ठी फाडून हातात देत होता. आमचा आराखडा त्या सकाळी तिथे चालू असता तर सगळे गाव कॅन घेऊन ताटकळले असते आणि टँकर पुढच्या गावाला निघून गेला असता.

केंद्राचे काम नेटवर्कशिवाय चालले पाहिजे आणि नोंदी मागाहून सर्व्हरवर गेल्या पाहिजेत, हे परतीच्या वाटेवरच ठरले. तेवढे ठरवायला आर्किटेक्ट कशाला हवा, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबरही आहे. त्याचे काम त्यानंतर सुरू होते, कारण एक गोष्ट हलवली की तिच्या शेजारच्या चार हलतात. संघाने रात्री दर बदलला आणि तो केंद्रावरच्या यंत्रापर्यंत पोहोचलाच नाही, तर पहाटेच्या पावतीवर कोणता दर छापायचा? यंत्र बिघडून नवे बसवले, तर पावती क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होणार का? चुकलेले माप सचिवाने दुरुस्त केले, तर जुनी नोंद पुसायची की तिच्यापुढे दुरुस्तीची वेगळी नोंद करायची? वीज परत येताच एका फीडरवरची (एकाच वीजवाहिनीवरची) ४० केंद्रे साचलेल्या नोंदी एकाच वेळी पाठवू लागली आणि त्यांतली एखादी नोंद दोनदा पोहोचली, तर उत्पादकाच्या खात्यात दुप्पट दूध जमा होईल का?

यांपैकी एकही प्रश्न निविदेत नव्हता, आणि सगळ्यांची उत्तरे देण्याचा अधिकार आम्हालाही नव्हता. नोंद दोनदा आली तरी एकदाच धरली जाईल अशी रचना करणे हा आमचा प्रांत होता. जुन्या दराने छापलेली पावती ग्राह्य धरायची की फरक दहा दिवसांच्या बिलात द्यायचा, हा मात्र संघाचा निर्णय होता. त्यासाठी त्यांचे हिशेब प्रमुख, संकलन अधिकारी आणि आम्ही अशी बैठक मी मागून घेतली. फरक बिलात द्यायचा असे ठरले, म्हणून प्रत्येक पावतीवर दरपत्रकाचा क्रमांक छापणे आले. हा निर्णय, नाकारलेला पर्याय, नाकारण्याचे कारण, बैठकीला हजर असलेल्यांची पदे आणि तारीख मी एका पानावर लिहून ठेवली. दीड वर्षाने संघात नवे अधिकारी आले आणि "हा फरकाचा घोळ कोणी घातला?" अशी विचारणा झाली, तेव्हा त्या पानाने आमचे तीन आठवडे वाचवले.

माझ्या दृष्टीने आर्किटेक्टची जबाबदारी सांध्यांवर असते. प्रत्येक मॉड्यूलला मालक असतो. दोन मॉड्यूल, दोन कंपन्या, किंवा यंत्र आणि माणूस जिथे एकमेकांना भेटतात तिथे बहुधा कोणीच नसते. उपलब्धतेचेच उदाहरण घ्या. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. आपली प्रणाली, बँकेचा पेमेंट गेटवे (पैसे भरण्याची ऑनलाइन सेवा) आणि एसएमएस पाठवणारी सेवा या तिघांनीही आपापले ९९.९ इमानाने पाळले आणि व्यवहाराला तिघेही लागत असले, तर एकत्रित उपलब्धता ९९.७ वर येते आणि वर्षाला सव्वीस तासांहून अधिक काळ व्यवहार अडतो. तिघांचेही अहवाल हिरवे असतात आणि ग्राहक मात्र खोळंबलेला असतो. हा गुणाकार करारावर सह्या होण्यापूर्वी करून दाखवणे आणि त्यावर उपाय सुचवणे (एसएमएस नंतर गेला तर चालेल का, हे विचारणे हासुद्धा उपायच आहे) हे त्याचे काम.

आता एक जगजाहीर उदाहरण. ब्रिटनमधील टीएसबी ही बँक स्पेनच्या साबादेल बँकेने २०१५ मध्ये घेतली. त्यानंतर सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या मालकाच्या, म्हणजे लॉइड्सच्या प्रणालीवरून साबादेलने तयार केलेल्या नव्या प्रणालीवर एप्रिल २०१८ मधील एकाच शनिवार-रविवारी हलवण्यात आली. माहिती व्यवस्थित हलली, पण नवी प्रणाली कोलमडली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यात शिरता येईना, आणि कारभार पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. बँकेनेच नेमलेल्या कायदेतज्ज्ञांच्या २०१९ मधील चौकशी अहवालात एक तपशील आहे, जो मी प्रत्येक नव्या आर्किटेक्टला वाचायला लावतो : प्रणाली दोन डेटा सेंटरांतून एकाच वेळी चालणार होती, परंतु भाराच्या चाचण्या दोहोंपैकी एकाच ठिकाणी झाल्या होत्या. दुसरे पहिल्यासारखेच असेल असे सर्वांनी गृहीत धरले. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

उंबरठा

लेख आवडला, परंतु चित्र फारच सोज्ज्वळ रंगवले आहे असे वाटते. मी डिलिव्हरीत, म्हणजे मिळालेले काम प्रत्यक्ष उभे करणाऱ्या विभागात आहे. आमच्याकडे 'सोल्यूशन आर्किटेक्ट' ही पाटी ज्यांच्या दारावर आहे ते प्रीसेल्समध्ये, म्हणजे काम मिळण्यापूर्वीच्या विक्री गटात बसतात. निविदा आली की ते तीन आठवड्यांत उत्तर लिहितात, 'होय, पूर्तता करतो' या रकान्यात दोनशे खुणा करतात, काम मिळाले की पुढच्या निविदेकडे वळतात आणि त्या दोनशे खुणा आमच्या गळ्यात पडतात. मागील वर्षी एका ग्राहकाला 'माहितीची शून्य हानी' असे लेखी वचन दिलेले निघाले. मुख्य डेटा सेंटर मुंबईत, पर्यायी हैदराबादला. ते साधायचे कसे, हे वचन देणाऱ्याने कोठेही लिहिले नव्हते. त्यामुळे 'जबाबदारी' हा शब्द वाचून थोडे हसू आले, राग मानू नये.

मळवाट

राग कसला, आपण म्हणता तो प्रकार मीही पाहिला आहे आणि सुरुवातीच्या वर्षांत स्वतः केलाही आहे. शून्य हानीचे उदाहरण बोलके आहे, म्हणून त्यावर थोडे लिहितो. मुंबई-हैदराबाद सरळ अंतर सुमारे ६२० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान सहा मिलिसेकंद. आणि केबल सरळ रेषेत टाकलेली नसल्यामुळे प्रत्यक्षात याहून बरेच जास्त. शून्य हानी हवी असेल तर प्रत्येक नोंद हैदराबादला पोहोचल्याची पोच येईपर्यंत मुंबईचा व्यवहार पूर्ण धरता येत नाही. एका व्यवहारात अशा एकामागून एक वीस नोंदी असतील, तर एरवी तत्काळ होणारे काम ग्राहकाच्या नजरेत भरण्याइतके रेंगाळते. शिवाय मधली लाइन तुटली तर व्यवहार थांबवायचा की हानीचा धोका पत्करून चालू ठेवायचा, हे आधीच ठरवावे लागते. एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेला आणि २००२ मध्ये सिद्ध झालेला कॅप सिद्धांत नेमका हेच सांगतो : जाळे दुभंगले की अचूक सुसंगती आणि अखंड उपलब्धता या दोहोंपैकी एकच हाती राहते. 'होय' अशी खूण करण्यापूर्वी हे ग्राहकाला सांगितले असते, तर कदाचित त्यानेच "पाच मिनिटांची हानी चालेल, पण काउंटर थांबायला नको" असे म्हटले असते.

उपाय म्हणाल तर आम्ही एकच नियम केला : ज्याने एस्टिमेटवर (वेळ-खर्चाच्या अंदाजावर) सही केली, तो पहिल्या गो-लाइव्हपर्यंत, म्हणजे प्रणाली प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत, त्या कामावर राहील. विक्री विभागाला हे मुळीच आवडले नाही. निविदांच्या उत्तरांतील 'होय' मात्र लक्षणीय कमी झाले.

निशिगंध

मी चाचणी विभाग सांभाळते. टीएसबीच्या प्रकरणात भर घालते : नियामकांनी तिथे बँकेपुरते थांबून भागवले नाही, बँकेच्या तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही २०२३ मध्ये व्यक्तिशः ८१ हजार ६२० पौंडांचा दंड झाला. प्रणाली चालवणाऱ्या कंपनीची खरोखर तयारी झाली आहे का, याची पुरेशी खातरजमा त्यांनी केली नाही असा ठपका होता. 'पुरवठादाराने तयार आहे असे कळवले' एवढे उत्तर पुरत नाही, हे आर्किटेक्ट मंडळींनीही लक्षात घ्यावे.

माझी तक्रार वेगळी आहे. 'प्रणाली वेगवान, सुरक्षित आणि वापरास सुलभ असावी' अशी वाक्ये आर्किटेक्टच्या दस्तऐवजातून आमच्याकडे येतात. यावर चाचणी लिहायची कशी? वेगवान म्हणजे किती, कोणत्या दिवशी, किती लोक एकाच वेळी वापरत असताना? "बिलवाटपाच्या दिवशी सकाळी दहा ते बारा या वेळेत दोन हजार वापरकर्ते असताना शंभरपैकी पंच्याण्णव वेळा बिल दोन सेकंदांच्या आत दिसावे" असे वाक्य मिळाले तर मला चाचणी करता येते आणि निकाल 'उत्तीर्ण' की 'अनुत्तीर्ण' हे सांगताही येते. असे वाक्य लिहायला ग्राहकाशी तासभर वाद घालावा लागतो आणि तो वाद टाळला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मळवाट

पूर्णपणे मान्य. दूध संघाच्या कामात मीही पहिल्या मसुद्यात 'तत्काळ पावती' असेच लिहिले होते. आपल्यासारख्याच एका चाचणी प्रमुखांनी "तत्काळ म्हणजे किती?" असे विचारले, तेव्हा केंद्रावर परत जाऊन घड्याळ लावावे लागले. सचिव वहीवर एका उत्पादकाचे काम चाळीस सेकंदांत उरकत होता. आमच्या यंत्राला त्याहून जास्त वेळ लागला असता तर पहिल्याच आठवड्यात ते खोक्यात परत गेले असते.

म्युनिकचा_वाटसरू

मी जर्मनीत एका वाहन उद्योगासाठी काम करतो. इथे एंटरप्राइझ आर्किटेक्ट, सोल्यूशन आर्किटेक्ट आणि टेक्निकल आर्किटेक्ट अशी तीन वेगळी पदे आहेत. पहिला संपूर्ण कंपनीच्या प्रणालींचा पाच-दहा वर्षांचा विचार करतो, दुसरा एका विशिष्ट गरजेचे उत्तर सर्व विभागांतून उभे करतो आणि तिसरा एखाद्या तंत्रज्ञानात खोलवर असतो. भारतातील लहान कंपन्यांत तिन्ही टोप्या बहुधा एकाच डोक्यावर असतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. फक्त कोणत्या बैठकीला कोणती टोपी घालून बसलो आहोत याचे भान हवे.

सांध्यांविषयी जे लिहिले आहे त्याला अमेरिकेतील हेल्थकेअर डॉट गव्हचे उदाहरण चपखल बसते. १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विम्याचे हे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले आणि पहिल्या दिवशी अवघ्या ६ जणांची नोंदणी शेवटपर्यंत गेली. अनेक कंत्राटदारांनी आपापले तुकडे दिले होते; ते जोडून एकसंध चालतात की नाही हे पाहणारा अंतिम माणूस कोण, हे मात्र स्पष्ट नव्हते. त्यातच, योजना पाहण्यापूर्वी प्रत्येकाने खाते उघडावे असा निर्णय अगदी उशिरा झाला. दुकानात डोकावायलाही आधी ओळखपत्र दाखवा म्हटल्यावर दारातच चेंगराचेंगरी होणार, तशी ती खाते उघडण्याच्या सेवेवर झाली. तो निर्णय वरून पाहता फक्त पडद्यांचा क्रम बदलण्याचा होता. भाराच्या दृष्टीने मात्र त्याने सगळी प्रणालीच बदलून टाकली. असा बदल येतो तेव्हा हात वर करून 'याचे परिणाम मला मोजू द्या' असे म्हणणारा माणूस पगारावर असणे, हेच या पदाचे प्रयोजन.

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवले आहे की संस्था ज्या प्रणाली घडवतात त्यांची रचना त्या संस्थेतील संवादाच्या रचनेसारखीच उतरते. दोन विभागप्रमुख एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांच्या दोन प्रणालीही नीट बोलणार नाहीत. आकृती काढण्याआधी कोण कोणाशी बोलत नाही याची माहिती काढावी, असा माझा अनुभव आहे.

तिसरी_घंटा

पेमेंटच्या क्षेत्रातून एक मुद्दा. कायदा आणि नियामक हेही आर्किटेक्टच्याच पानात वाढलेले असतात. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून पेमेंट व्यवहारांची संपूर्ण माहिती केवळ भारतातच साठवावी असा आदेश दिला आणि सहा महिन्यांची मुदत दिली. व्यवहाराची प्रक्रिया परदेशात झाली तरी चालेल, परंतु तिथली प्रत २४ तासांत किंवा कामकाजाच्या एका दिवसात, जे आधी असेल त्या वेळेत, पुसून माहिती इथे आणावी, असे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. 'सर्व्हर मुंबईला हलवा' इतके हे सोपे नव्हते. बॅकअप कुठे जातात, लॉगमध्ये (प्रणाली आपोआप करत असलेल्या नोंदींत) कार्डाचा क्रमांक उमटतो का, फसवणूक ओळखणारी यंत्रणा कोणत्या देशात बसून काय पाहते, मदत केंद्रातला माणूस पडद्याचे छायाचित्र काढून कुठे पाठवतो, इथपर्यंत माग काढावा लागला. ज्यांच्याकडे माहिती कुठून कुठे वाहते याचा अद्ययावत नकाशा होता त्यांना सहा महिने पुरले. इतरांचे पहिले तीन महिने तो नकाशा काढण्यातच गेले.

सातारी_कंदी

तीन शंका आहेत. आर्किटेक्टने स्वतः कोड लिहावा का? क्लाउडचे सोल्यूशन आर्किटेक्टचे प्रमाणपत्र घेतले तर उपयोग होतो का? आणि खर्चाची जबाबदारी कोणाची, कारण आमच्याकडे क्लाउडचे बिल अंदाजाच्या अडीचपट आले आणि सगळे आर्किटेक्टकडे बोट दाखवत आहेत.

मळवाट

कोडविषयी : प्रॉडक्शनच्या (ग्राहक वापरत असलेल्या प्रत्यक्ष प्रणालीच्या) वाटेवर अडून बसेल असा कोड त्याने लिहू नये, कारण तो बैठकीत असताना गट खोळंबतो, पण जो भाग सर्वांत धोक्याचा वाटतो त्याचा छोटा नमुना स्वतः करून पाहावा आणि इतरांचा कोड नियमित वाचावा. पाच वर्षे कोडला हात न लावलेल्या माणसाचे एस्टिमेट मी तरी स्वीकारत नाही.

प्रमाणपत्राने सेवांची नावे आणि त्यांच्या मर्यादा पाठ होतात, नोकरीच्या अर्जात ते चालतेही. पहाटे साडेपाचला केंद्रावर जाऊन उभे राहायला ते शिकवत नाही.

खर्चाबाबत मात्र बोट दाखवणारे अगदीच चूक नाहीत. आराखड्यासोबत महिन्याचा अंदाजी खर्च आणि तो कशाने वाढेल हे लिहिणे आर्किटेक्टचे काम आहे. पूर्वी सर्व्हर विकत घेताना खरेदी विभाग हटकून अडवायचा. आता डेव्हलपर बटण दाबून मोठे यंत्र घेतो आणि बिल तीस दिवसांनी कळते. आमच्या एका कामात चाचणीचे वातावरण रात्री आणि शनिवार-रविवारी बंद ठेवायचे, एवढ्या एका निर्णयाने त्याचे तास आठवड्याला १६८ वरून ६० वर आले. तुमच्याकडे बिल कोणत्या सेवेमुळे फुगले ते आधी पाहा. दोन डेटा सेंटरांमधील माहितीच्या वाहतुकीचे शुल्क आणि कधीच न पुसलेले लॉग, हे दोन नेहमीचे संशयित.

उंबरठा

वर उल्लेख केलेल्या 'एका पानावर' नेमके काय असते ते कळले तर आमच्याकडेही सुरू करता येईल. शिवाय ज्यांच्यामुळे हा धागा निघाला, त्यांनी सोमवारी येऊन काय केले, ही उत्सुकता आहेच.

मळवाट

पानाचे स्वरूप मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेल्या निर्णय-नोंदीवरून घेतले आहे : शीर्षक, निर्णयाची सद्यस्थिती, परिस्थिती काय होती, काय ठरले आणि त्याचे बरे-वाईट परिणाम. नाकारलेले पर्याय आणि 'कोणती गोष्ट बदलली तर हा निर्णय पुन्हा उघडायचा' अशी एक ओळ आम्ही आपल्या पदरची जोडली. पान कोडसोबतच ठेवतो, म्हणजे ते सापडते. निर्णय बदलला तर जुने पान खोडत नाही. त्यावर नव्या पानाचा क्रमांक टाकतो.

सोमवारचे म्हणाल, तर तिने पहिल्या दोन आठवड्यांत एकही आकृती काढली नाही. सपोर्टकडे आलेल्या सहा महिन्यांच्या तक्रारी वाचल्या आणि दोन दिवस हेल्पडेस्कवर कानाला हेडफोन लावून बसली. ग्राहकाचा मोबाइल क्रमांक बिलिंगची प्रणाली स्वतःकडचा मूळ मानते आणि वितरणाची प्रणाली स्वतःकडचा. रोज रात्री दोघी एकमेकींचा क्रमांक पुसून आपला लिहितात, हे तिला तिथे सापडले. चार वर्षे हे चालू होते, आणि दोन्ही गटांनी आपापल्या परीने ती तक्रार 'दुरुस्त केली' म्हणून बंद केलेली होती. मूळ क्रमांक कोणाचा धरायचा हे अजून ठरलेले नाही. गुरुवारी दोन्ही विभागप्रमुखांची बैठक तिने बोलावली आहे आणि पानाचे शीर्षक तेवढे लिहून ठेवले आहे.